मनाचं टपाल : शेजाऱ्यांकडून काय घ्यायचं?

गेल्या अंकात मी सामुदायिक मानसिक आरोग्यावर लिहिलं होतं. उपचार मोठ्या इस्पितळाच्या फाटकाआड अडकू नयेत, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात, घरात, अंगणवाडीत पोचावेत, असा त्याचा सूर होता. शेवटी एक वाक्य होतं की दक्षिण आशियातल्या देशांनी या कामात एकमेकांचं बोट धरायला हवं. बाकीचा लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. काही कुतूहलाची, काही चांगलीच तापलेली. परराष्ट्र धोरणातलं मला काही कळत नाही. माझी सगळी नोकरी समाजसेवा अधीक्षक म्हणून मनोरुग्णालयात आणि नंतर जिल्ह्याच्या शिबिरांमधून गेली. त्या खुर्चीवरून जे दिसलं, त्याच्या आधाराने ही उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, आपल्याकडेच मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाहीत. माझ्या सुनेला बाळंतपणानंतर सारखं रडू यायचं, बाळाला घ्यावंसं वाटायचं नाही. तालुक्याला दाखवायला कुणीच नव्हतं. अशा परिस्थितीत पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका यांच्याशी सहकार्य ही मला निव्वळ हौस वाटते. त्यांच्याकडे आपल्याला देण्यासारखं आहे तरी काय?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, तुमच्या सुनेच्या दुखण्यावर डॉक्टराविना करता येण्याजोगा जो उपाय आज जगभर शिकवला जातो, तो पाकिस्तानातल्या रावळपिंडी जिल्ह्यातल्या खेड्यांत तयार झाला.

डॉ. अतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे तुमचीच अडचण होती. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या बायका गावोगाव, आणि मानसोपचारतज्ज्ञ फक्त शहरात. मग त्यांनी तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ बायकांना हाताशी धरलं. आपल्या आशाताईंसारख्याच या घरोघर फिरणाऱ्या बायका. त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, पुढे उजळणी घेतली आणि दर महिन्याला जाणत्या माणसाबरोबर बसून अडलेल्या गोष्टींवर बोलायची सोय केली. काम काय, तर आईच्या मनातले ‘माझ्याच्याने काही होत नाही’, ‘माझ्या नशिबातच हे’ असले विचार चित्रांच्या मदतीने ओळखायचे, त्यांच्या जागी दुसरा, पेलेल असा विचार ठेवायचा आणि त्यावर एखादी लहानशी कृती ठरवायची. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत अशा सोळा भेटी.

२००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा, ज्यांना या भेटी मिळाल्या त्या बायकांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य उरलं होतं. ज्यांच्याकडे कार्यकर्ती जात होती, पण ही पद्धत न वापरता, त्यांच्यात ते प्रमाण ५३ टक्के होतं. उपचार मिळालेल्या आयांच्या बाळांना जुलाब कमी झाले, लसीकरण जास्त झालं. मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वेगळीच वाटते. ‘तुला मानसिक आजार आहे’ असं कुणी कुणाच्या घरी जाऊन म्हणालंच नाही. बाळाच्या वाढीसाठी आलोय, असं सांगून दार उघडलं गेलं. सासूबाईंनीही चहा टाकला असणार.

हे काम पुढे गोव्यात आलं. ‘संगाथ’ संस्था आणि रावळपिंडीची मंडळी यांनी मिळून पद्धत आणखी सोपी केली. आरोग्य कर्मचारीही नको, त्याच वस्तीतली बाळंतपणातून गेलेली एखादी समजूतदार बाई चालेल का, हे दोन्हीकडे एकाच वेळी तपासलं. गोव्यात तिला सखी म्हणत, तिकडे रजाकार, म्हणजे स्वयंसेविका. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. फायदा दिसला, पण पहिल्या प्रयोगाइतका ठसठशीत नाही. तेही कळायलाच हवं होतं. फुकट काम करणाऱ्या बाईवर सगळा भार टाकला की काय होतं, हे आपल्या सरकारी योजनांना कुणीतरी आकड्यांत दाखवायला हवंच आहे.

विलायतेतून आलेली समुपदेशनाची पुस्तकं मी वाचली आहेत, वापरायचा प्रयत्नही केला आहे. ‘आठवड्यातून एकदा शांत खोलीत पन्नास मिनिटं’ हे पहिलंच वाक्य आमच्या ओपीडीत हास्यास्पद ठरायचं. शेजारी देशाच्या पुस्तकात ती शांत खोलीच नसते. तिथे धरून चाललेलं असतं की बाई एकटी सापडणार नाही, मूल मांडीवर असेल आणि मध्येच कुणीतरी हाक मारेल.

आणि देवाणघेवाण एकाच दिशेने होते, असं नाही. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १९८५ च्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं. आपला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला तो त्याच अनुभवावर. शेजारी देशांतले डॉक्टरही बंगळूरूला शिकून गेलेत. पेशावरमध्ये तपासलेली पाच बैठकांची समस्या-निवारणाची एक पद्धत पुढे नेपाळमध्ये गटात बसून वापरली गेली.

आता सुनेविषयी. त्रास अजून असेल तर वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तिथेही न्या. बाळाला किंवा स्वतःला काही करून घेण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले तर त्याच दिवशी न्या. तोवर तिला एकटी ठेवू नका.

प्रश्न : भूतान म्हणे जगातला आनंदी देश. तिथे मानसिक आजार असतात का? (थट्टा नाही, खरंच विचारतोय.)
— एक वाचक

उत्तर : असतात की. सकल राष्ट्रीय आनंद मोजला म्हणून स्किझोफ्रेनिया वेस ओलांडून परत जात नाही. भूतानला पहिला मानसोपचारतज्ज्ञ मिळाला तो १९९९ मध्ये, डॉ. चेंचो दोरजी, आणि पुढची कित्येक वर्षं अख्ख्या देशाला ते एकटेच होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाने मानसिक आरोग्याचा जाहीरनामा स्वीकारला, तो याच देशातल्या पारो गावी. त्याबद्दल पुढे येईलच.

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे, निविष्ठांच्या दुकानात काम करतो. शेतकरी आत्महत्येवर दर वेळी ‘समुपदेशन केंद्रं उघडा’ असं सांगितलं जातं. आमच्या फळीवर कीटकनाशकांचे जे डबे आहेत त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. शेजारच्या देशांत याबाबत काही वेगळं झालं आहे का?
— एक कृषी पदवीधर

उत्तर : तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने हा प्रश्न विचारलात, याचं मला फार अप्रूप वाटलं. हो, झालं आहे, आणि ते आपल्या अगदी जवळ झालं आहे.

१९९५ मध्ये श्रीलंकेत आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे ४७ होतं, जगातल्या सर्वांत वरच्या देशांपैकी एक. त्यात कीटकनाशकांचा वाटा फार मोठा. तिथल्या डॉक्टरांनी आणि कीटकनाशक निबंधकांनी मिळून एकेक रसायन वेगळं काढलं, कोणतं घेतल्यावर रुग्णालयात पोचूनही माणूस वाचत नाही ते पाहिलं. १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद झाली, १९९८ मध्ये एंडोसल्फान, आणि २००८ ते २०११ या काळात पॅराक्वॉट, डायमिथोएट, फेन्थिऑन टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. पुढच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचं एकूण प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. ‘विष नाही तर दोर’ हा आक्षेप तिथेही घेतला गेला. पण उतरलेला आकडा सगळ्या आत्महत्यांचा आहे, फक्त विषाच्या नव्हे. भाताचं उत्पादनही कोसळलं नाही.

याचं कारण माझ्या कामातून मला पटतं. विष घेऊन वाचलेल्या कितीतरी माणसांशी मी वॉर्डात बोलले. त्यांतल्या फार थोड्यांनी ते ठरवून, दिवस पाहून घेतलेलं होतं. भांडण झालं, कर्जवाला दारात येऊन चारचौघांत बोलला, आणि हाताशी जे होतं ते घेतलं. पुढचा तासभर निघून गेला असता तर बहुतेक सगळेच थांबले असते. हाताशी काय आहे, यावर तो माणूस आपल्याला पुढे भेटतो की नाही हे ठरतं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वेळी वर्तमानपत्रांत ज्या रसायनांची नावं आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. श्रीलंकेने ते बावीस वर्षं आधी बंद केलं होतं. आपल्याकडे २००५ मध्ये त्याला भाजीपाल्यावर मनाई झाली, आणि त्याच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणावरचा बंदी आदेश निघाला २०२३ मध्ये. बांगलादेशाने अतिविषारी गटातल्या कीटकनाशकांवर २००० सालापासून बंदी घातली, नेपाळने २०१९ मध्ये डायक्लोरव्हॉससह काहींवर. म्हणजे आपल्या चहूबाजूंनी हे चाललेलं होतं. भारतात २०२२ या एका वर्षात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत साधारण चौथा हिस्सा विषाचा होता.

शेजाऱ्याचा न जमलेला प्रयोगही आपले पैसे वाचवतो. कीटकनाशक कुलूपबंद पेटीत ठेवायला दिलं तर आत्महत्या कमी होतील, ही कल्पना ऐकायला फार छान आहे. कंपन्यांना तर ती विशेष आवडते, कारण विक्री चालूच राहते. श्रीलंकेत १८० गावांमध्ये ती नीट तपासली गेली. घरोघर पेट्या दिल्या, काही वर्षं वाट पाहिली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की पेट्यांमुळे फरक पडल्याचा पुरावा नाही. उद्या तुमच्या जिल्ह्यात कुणी ‘सुरक्षित पेटी’ वाटपाचा समारंभ ठेवला तर हा कागद घेऊन जा.

देशादेशांनी एकत्र यायची खरी गरज इथे दिसते. भारत-नेपाळ सीमा उघडी आहे. एकीकडे बंदी घातलेलं औषध दुसरीकडच्या दुकानात मिळत असेल तर ते सायकलवरूनही पलीकडे जाईल. म्हणून बंद करायच्या रसायनांची यादी, तारखा आणि पर्यायी औषधं या देशांनी मिळून ठरवायला हवीत. समुपदेशन केंद्रं हवीतच, त्यांना माझा विरोध असायचं कारण नाही. पण केंद्र उघडायला कुणाची ना नसते, डबा काढायला असते. आपण कशावर बोलतो आणि कशावर नाही, हे त्यावरूनच ठरलेलं आहे.

तुम्ही स्वतः एक करू शकता. नेहमीचा गिऱ्हाईक अचानक एकटा आला, पिकाचं नाव न सांगता ‘जालीम असेल ते द्या’ म्हणाला, तर डबा पुढे करण्याआधी त्याला बसवा. कोणतं पीक, कोणती कीड, विचारत राहा. बोलणं भलतीकडे वळलं तर सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?’ असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. घरच्यांना फोन करा, १४४१६ लावून द्या.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. आमचे सर म्हणतात सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना कोमात आहे, त्यामुळे प्रादेशिक सहकार्य हा विषय प्रबंधाला घेऊ नकोस. खरंच काही शिल्लक नाही का?
— एमएसडब्ल्यू, दुसरं वर्ष

उत्तर : सर निम्मे बरोबर आहेत. सार्कची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर झालेलीच नाही. २०१६ ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली. जागतिक आरोग्य संघटनेकडे वळावं तर तिने आपला भाग दोन खणांत ठेवला आहे. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव आग्नेय आशिया विभागात, ज्याचं कार्यालय दिल्लीत. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान पूर्व भूमध्य विभागात, ज्याचं कार्यालय कैरोत. लाहोर आणि अमृतसर यांमध्ये जेमतेम पन्नास किलोमीटर अंतर, पण मानसिक आरोग्यावरच्या त्यांच्या अधिकृत बैठका दोन वेगळ्या खंडांत होतात.

पारो जाहीरनाम्यासारख्या कागदांवर माझा जीव नाही, तरी मी त्यांना टाकाऊ म्हणणार नाही. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला ‘प्राथमिक केंद्रात मानसिक आजाराची औषधं ठेवा’ असं लिहिताना संदर्भ लागतो. आपल्या देशाने मान्य केलेला कागद फाईलला लावला की ती दोन टेबलं लवकर सरकते. तेवढाच त्याचा उपयोग, पण तो आहे.

प्रबंधासाठी मी तुला दोन वाटा सुचवते. पहिली कायद्याची. १९१२ चा ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ फाळणीनंतर आपल्यासारखाच पाकिस्तानात राहिला आणि पुढे बांगलादेशातही. आपण तो १९८७ च्या कायद्याने बदलला आणि मग २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आणला. पाकिस्तानने २००१ मध्ये अध्यादेश काढला, बांगलादेशाने २०१८ मध्ये कायदा केला. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलमही ब्रिटिशांचंच. श्रीलंकेने ते १९९८ मध्ये काढलं. आपल्याकडे २०१७ च्या कायद्यातल्या ११५ व्या कलमाने त्याची नांगी मोडली, पाकिस्तानने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केलं. बांगलादेशात ते अजून आहे. एकाच मुळापासून निघालेले हे कायदे शेजारी शेजारी ठेवून वाच. कुणी रुग्णाला नकाराचा हक्क दिला, कुणी नातेवाइकाच्या सहीवर सगळं सोडलं, भरती केलेल्या माणसाची फेरतपासणी कोण करतं. माझ्या माहितीत यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं नाही.

दुसरी वाट युरोपातली आहे. बाल्कन, म्हणजे आग्नेय युरोपातल्या देशांनी नव्वदच्या दशकातल्या युद्धांत एकमेकांशी काय केलं ते तुला ठाऊक असेल. २००१ मध्ये डुब्रोव्हनिक इथे त्या भागातल्या आरोग्यमंत्र्यांनी एकत्र काम करायचं ठरवलं, आणि २००२ मध्ये जो पहिला संयुक्त प्रकल्प उभा राहिला तो क्षयाचा किंवा लसीकरणाचा नव्हता. तो सामुदायिक मानसिक आरोग्याचा होता, आणि त्याचं नेतृत्व केलं बोस्नियाने, ज्याच्या राजधानीला काही वर्षांपूर्वीच वेढा पडला होता. सहभागी देशांनी नमुन्याचं एकेक मानसिक आरोग्य केंद्र उघडलं, धोरणं आणि प्रशिक्षण मिळून तयार केलं. मानसिक आरोग्यच का निवडलं असेल? युद्धाने सगळ्यांचीच झोप उडवली होती, हे एक. दुसरं कारण माझं आपलं तर्काचं : या खात्यात पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही इतकी कमी, की त्यात कुणाचं काही हिरावलं जात नाही. आपल्याकडेही हे खातं तेवढंच दुर्लक्षित आहे. त्याचा असा फायदा घेता येईल का, हे सरांना विचारून बघ.

प्रश्न : आमच्या स्टेशनवर एक बाई बरेच दिवस फिरते आहे. स्वतःशी बोलते, कपड्यांची शुद्ध नाही. भाषा कळत नाही. काहीजण म्हणतात बांगलादेशी आहे, पोलिसांत दिलं तर तुरुंगातच जाईल. आम्ही चार बायका तिला खायला देतो. पुढे काय करावं?
— एक गृहिणी

उत्तर : खायला देता, बोलता, हे तिच्या उपचाराचं पहिलं पाऊल आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. रस्त्यावर अशा बाईला काय काय सोसावं लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

पोलिसांकडे जायलाच हवं, पण काय मागायचं ते माहीत करून जा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १००. मानसिक आजाराने भटकणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. तिला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं असतं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही पोलिसांकडेच येतं. कलमाची एक प्रत छापून न्या. ‘ती कुठल्या देशाची’ हा प्रश्न ठाण्यात पहिल्यांदा निघेल. तो उपचारानंतरचा आहे, हे शांतपणे सांगा. कुणी चिडलंच तर महिला पोलीस किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलांना मध्ये घ्या.

आणि भाषा कळत नाही म्हणजे ती परकी, हे आधी डोक्यातून काढा. ती झारखंडची असेल, आसामची असेल, बंगालची असेल. आमच्या वॉर्डात अशीच एक बाई होती. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागायला लागली, पण बोलणं नाही. ‘घर कुठे’ म्हटलं की भिंतीकडे तोंड. शेवटी एका नेपाळी नर्सिंग विद्यार्थिनीला तिच्याजवळ बसवलं. त्या मुलीने घराचं नावच काढलं नाही. मीठ-तेल आणायला कुठल्या बाजाराला जायचीस, तिथे जायला किती चढ, बस कुठे मिळते, असं विचारत राहिली. बाईने बाजाराचं नाव सांगितलं. मग नदी, मग शाळा. त्या नावांवरून तिकडच्या पोलीस चौकीपर्यंत आणि तिथून तिच्या भावापर्यंत पोचता आलं. पत्ता म्हणजे जिथून कुणीतरी हाकलून दिलेलं असतं अशी जागा, पण बाजार कुणाला हाकलत नाही. तुमच्या बाईशी बोलणाऱ्यांना हे सांगा.

असं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या संस्था आहेत. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून देशभर आणि नेपाळपर्यंत घरी पोचवलं आहे. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. त्रिपुरात उपचार घेऊन बऱ्या झालेल्या बांगलादेशी रुग्णांना उच्चायोगाच्या मदतीने आगरतळ्याजवळच्या अखौरा नाक्यावर घरच्यांच्या हवाली करण्यात आलं आहे. म्हणजे अशक्य काही नाही. पण दर वेळी कुणीतरी भला अधिकारी, कुणीतरी चिकाटीचा कार्यकर्ता लागतो. ओळख पटवायचे कागद या देशातून त्या देशात जाऊन परत येईपर्यंत बरी झालेली माणसं वॉर्डात बसून राहतात, आणि बसून बसून पुन्हा खंगतात. भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी एकाच गोष्टीवर करार करायचा म्हटला तर मी हीच सुचवेन. ओळख पटवायला ठराविक मुदत, दोन्हीकडे एकेक जबाबदार अधिकारी, आणि सीमेवर घ्यायला पोलिसाऐवजी परिचारिका.

घरी पाठवतानाही एक काळजी. गोळ्यांचं कंपनीचं नाव पलीकडे चालत नाही. चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव, मात्रा, कधी सुरू केलं आणि पुढचं इंजेक्शन असेल तर त्याची तारीख, हे सगळं हवं. निदान महिनाभराच्या गोळ्या बरोबर हव्यात, आणि तिच्या घराजवळच्या आरोग्य केंद्राशी आधी बोलणं झालेलं हवं. हे राहिलं की माणूस घरी जातो, पहिल्या महिन्यात आनंदीआनंद, आणि पुढच्या हंगामात पुन्हा कुठल्यातरी स्टेशनवर.

प्रश्न : आम्ही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे पालक दर महिन्याला भेटतो. काठमांडू किंवा ढाक्यातल्या अशाच पालकांशी जोडून घ्यायला आवडेल. सरकारची परवानगी लागते का? सुरुवात कशी करावी?
— एका स्वमदत गटाचे सचिव

उत्तर : ऑनलाइन गप्पा मारायला परवानगी लागत नाही. पैसे मात्र इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे अजिबात नको. परदेशातून देणगी आली की परकीय योगदान नियमन कायदा लागू होतो, आणि तुमचा निम्मा वेळ हिशेबात जाईल. पुस्तिका, चित्रं, खेळ, गाणी यांची देवाणघेवाण करा.

पहिल्याच बैठकीला ‘मानसिक आरोग्याची सद्यस्थिती’ असला विषय ठेवू नका, तासभर भाषणं होतील आणि पुढच्या वेळी कुणी येणार नाही. एकच प्रश्न घ्या : मुलगा गोळी घ्यायला नाही म्हणतो तेव्हा तुमच्या घरात काय करता? हिंदी बऱ्याच जणांना कळेल, तरी एखादा दुभाषी हाताशी असू द्या, नाहीतर ज्यांची भाषा चांगली तेच बोलत राहतात. आपल्या मुलांची नावं आणि फोटो पडद्यावर येऊ देऊ नका. आई-वडिलांना चालत असलं तरी मुलाला विचारलेलं नसतं. चार-पाच बैठका जमल्या की बरे झालेले रुग्ण स्वतःच एक बैठक चालवू द्या, तुम्ही पालकांनी माइक बंद ठेवायचा. राजकारण निघेलच, एखादी क्रिकेटची मॅच झाली की हमखास. त्या दिवशी बैठक पुढे ढकलली तरी चालेल.

दोन्हीकडे वेळेचा फरक आहे. नेपाळ आपल्या पुढे १५ मिनिटं, बांगलादेश अर्धा तास. निमंत्रणात तिघांचीही वेळ लिहा.